अकरावा कागद

सोलापूर
सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

धनू,

हे पत्र आपल्या जावयांच्या, गुरुंच्याच हाती पाठवते आहे. फोनवर तू मला वर्षभर बंद करून ठेवलंयस, त्यामुळे दुसरा रस्ता उरला नाही. गुरु आज सिद्धेश्वराचं दर्शन करून थेट आमच्या प्रयोगशाळेत आले. मी रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवत बसले होते. ते बाकावर बसले, पाणी प्यायले, कांद्याच्या भावाबद्दल बोलले, तुमच्याकडं कुंभारीत पाऊस कसा आहे ते सांगितलं. अर्धा तास झाला तरी मूळ गोष्ट बाहेर येईना. शेवटी उठता उठता म्हणाले, "अक्का, धनू गौराला सुई लावू देत न्हाई. नर्सबाई दोनदा घरी येऊन गेल्या. तुमचं तेवढं ऐकंल ती."

माझं तू ऐकशील असं त्यांना अजून वाटतं. त्यावर मला काय वाटलं ते राहू दे.

तुझी गौरा चौदा महिन्यांची झाली. नवव्या महिन्यात तिला गोवर-रुबेलाची लस मिळायला हवी होती, ती राहिली. बाकीच्याही राहिल्या. कानाच्या ऑपरेशनसाठी पुण्याच्या डॉक्टरांनी सप्टेंबरअखेरची तारीख दिली आहे आणि त्याआधी लसी झालेल्या हव्यात असं कागदावर लिहून दिलं आहे, तो कागद गुरुंनी मला दाखवला. ही तारीख गेली तर पुढची कधी मिळेल सांगता येत नाही. मूल जितकं मोठं होईल तितकं त्याला ऐकून बोलायला शिकणं अवघड जातं. हे तुला कुणीतरी नीट सांगायला हवं म्हणून मी सांगते आहे. सोळा वर्षं दवाखान्यात काढली आहेत, एवढं तरी सांगू शकते.

गुरु म्हणाले की डोळ्याच्या ऑपरेशनाच्या वेळी पोरीच्या हाताला लावलेल्या सुया बघून तू बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकून उभी राहिलीस, आणि त्या दिवसापासून घरात सुई नाही. बटण तुटलं तर शेजारच्या वहिनींकडे शर्ट जातो. तुझी गोधडी अर्धी शिवलेली तशीच माळ्यावर टाकलीस म्हणे. लहानपणी माझ्या ब्लाऊजची शिवण उसवून पुन्हा घालणारी पोर तू. तुला शिलाई मशीन घेऊन देऊ, असं आपले बाबा दर दिवाळीला म्हणायचे आणि दर दिवाळीला फटाके आणायचे.

ग्रहणाचं मनातून काढून टाक. तसं काही नसतं. शुक्रवारी उपकेंद्रात लसीकरण असतं, गौराला घेऊन जा. तिचा चष्मा काढून ठेवू नकोस, मागचं इलॅस्टिक सैल झालं असेल तर गुरुंकडे दे, मी बदलून आणते.

तुझी,
अक्का


सोलापूर
सोमवार, ११ ऑगस्ट

धनू,

माझंच पत्र परत आलं. मागच्या कोऱ्या बाजूवर तू पेन्सिलीनं एक ओळ लिहिली आहेस. "बारशात काय म्हणालीस ते आठव, मग ग्रहणाचं सांग."

आठवतं. आठवायला काही करावं लागत नाही.

गौरा काचेच्या पेटीत होती म्हणून बारसं दीड महिना लांबलं. तुमच्या पडवीत तीस-चाळीस माणसं होती. तोवर तिच्या डोळ्यातला पांढरा ठिपका सगळ्यांनी पाहिला होता, आणि ताट पडलं तरी ती दचकत नाही हेही बायकांच्या लक्षात आलं होतं. तुझ्या सासूबाई, नीलम्मा मावशी, पाळण्याची दोरी धरून सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "कोजागरीला ग्रहण लागायचं हुतं, आन् हिनं सांजच्याला सुई धरली. नवऱ्याच्या शर्टाला बटन लावत बसली. त्याच सुईचं टोक पोरीच्या डोळ्यात हाय." सगळ्या तुझ्याकडं बघायला लागल्या. तू खाली मान घातली नाहीस. सरळ माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "अक्का, तू दवाखान्यात हाईस. तू सांग की यास्नी."

तेवढ्या सगळ्यांत तुला माझाच भरवसा वाटला. आणि मी म्हणाले, "मोठ्या माणसांनी बघितलेलं असतं गं."

मग मी सुंठवडा वाटायला घेतला.

आज सांगते, सुईचा आणि गौराचा काहीही संबंध नाही. कोजागरीच्या आधी, नवरात्रात तिसऱ्या माळेला तुझा फोन आला होता. अंगावर बारीक पुरळ आलंय, कानामागं गाठी आल्यात, ताप फारसा नाही. मावशी म्हणत होत्या पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लाव. ते पित्त नव्हतं. त्याला रुबेला म्हणतात. लहान मुलांना झाला तर तीन दिवसांत जातो, कुणाच्या लक्षातही येत नाही. बाईला पहिल्या तीन महिन्यांत झाला तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय, कशावरही जातो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तुम्हाला विचारलंही होतं की दिवस राहिल्यावर पुरळ आलं होतं का. तू बोलायच्या आत मावशींनी पित्त म्हणून सांगितलं आणि तो विषय तिथंच संपला.

मी त्या फोनवर तुला विचारलं होतं, "धनू, दिवस गेलेत का?" तू नाही म्हणालीस. तीन महिने भरेपर्यंत माहेरीसुद्धा सांगायचं नाही, अशी तुमच्याकडची रीत, ती तू पाळलीस. नाही म्हणाली नसतीस तर मी काही केलं असतं.

आणि मुळात ही लस तुला शाळेतच मिळायची होती. तू दहावीत होतीस. नोव्हेंबरात सगळ्या शाळांतून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना गोवर-रुबेलाची लस देत होते. तू रांगेत उभी राहिलीस आणि बाईंनी तुला बाहेर काढलं, कारण रजिस्टरात तुझी पंधरा वर्षं पूर्ण झाली होती. तुझा जन्म जानेवारीतला. बाबांनी तुला वर्षभर आधी पहिलीत बसवायला म्हणून गुरुजींना सांगून एक जून तारीख घालून घेतली, आदल्या वर्षीची. अर्ध्या गावाचा वाढदिवस एक जूनला असतो, त्यात कुणाला काय वावगं वाटणार? तू घरी नाचत आलीस, सुई चुकली म्हणून.

तेव्हा यात तुझा दोष नाही. बाबांच्या तारखेचा आहे, नशिबाचा आहे. सांगण्यासारखं होतं ते सगळं सांगितलं. शुक्रवारी पंधरा ऑगस्टची सुट्टी म्हणून या आठवड्यात लसीकरण गुरुवारी आहे, गौराला घेऊन जा.

तुझी,
अक्का


सोलापूर
रविवार, १७ ऑगस्ट

धनू,

गेल्या पत्रात शेवटी लिहिलं की सगळं सांगितलं. ते खोटं होतं. ते पत्र गुरुंच्या हातात दिलं आणि त्यांनी घडी करून खिशात ठेवलं, तेव्हा मला स्वतःची शिसारी आली. बाबांना मरून चार वर्षं झाली आणि मी त्यांच्या नावावर माझं ढकलून मोकळी झाले. तुझ्या नावावरसुद्धा. "नाही म्हणाली नसतीस तर." हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला नाही, ते तू लक्षात ठेव.

गुरुवारी तू गौराला नेलं नाहीस हे उपकेंद्रातल्या नर्सबाईंना फोन केला तेव्हा कळलं. आता लिहिते ते वाच आणि मग माझं काय करायचं ते कर.

लग्नाच्या आधी, फेब्रुवारीत, आमच्या प्रयोगशाळेच्या डॉक्टर मॅडमनी तुमच्या कॉलेजात पाहणी केली होती. तुला आठवत असेल, चाचणीला रक्त दे म्हणून मी तुझ्या मागं लागले होते. एकशे वीस मुली हव्या होत्या आणि एक कमी पडत होती. तू कुरकुरत हात पुढं केलास आणि नंतर माझ्याकडून ऊसाचा रस वसूल केलास. ती पाहणी या रुबेलाचीच होती. पूर्वी हा आजार लहानपणी सगळ्यांना होऊन जायचा आणि पोरी आपोआप सुरक्षित व्हायच्या. आता लहान मुलांना लस मिळते, म्हणून आजार कमी फिरतो, ते चांगलंच आहे. पण मधल्या काही पोरी अशा राहतात की त्यांना लसही मिळाली नाही आणि आजारही झाला नाही. त्या तशाच मोठ्या होतात, लग्न करून जातात. अशा किती आहेत ते मॅडमना बघायचं होतं.

एकशे वीसमध्ये अकरा निघाल्या. अकरा जणींच्या रक्तात रुबेलाची प्रतिकारशक्ती नव्हती. मॅडमनी अकरा कागद छापून माझ्या हातात दिले. प्रत्येकीला एकटीला बोलावून द्यायचे, लस घ्यायला सांगायचं, आणि लस घेतल्यावर महिनाभर दिवस राहू देऊ नका हे समजावून सांगायचं. माझं काम तेवढंच होतं.

त्यातला एक कागद तुझा होता.

एप्रिलचा पहिला आठवडा होता तो. तुझं लग्न पाच मेला. त्याच दुपारी मावशी आणि त्यांच्या जावा शालू बघायला सोलापुरात आल्या होत्या आणि मी सुट्टी टाकून त्यांच्याबरोबर दुकानात जाणार होते. कागद पर्समध्ये घातला. दुकानात गादीवर बसून त्या रंग बघत होत्या, मला विचारत होत्या, "हा शोभंल का वो तुमच्या धनलक्ष्मीला?" आणि मी पर्स मांडीखाली दाबून धरली होती. त्या कागदावर तुझं नाव होतं, खाली 'प्रतिकारशक्ती आढळली नाही' असं होतं. माझ्या डोळ्यांपुढं आलं की हे त्यांच्या हाती लागलं तर त्या काय वाचतील? मुलीच्या रक्तात काहीतरी कमी आहे, हेच वाचतील. बिनआईची पोर म्हणून पहिलं स्थळ मोडलं होतं. दुसरं मोडू द्यायचं नव्हतं.

असं मी स्वतःला सांगितलं. पण धनू, त्यांना कळू न देता तुला सांगता आलं असतं की. घरी आपण दोघीच होतो. एका ताटात जेवत होतो. आज जेवताना सांगू, उद्या सांगू, असं करत मी तुझी हळद गाठली. तू घाबरशील, लग्नाला महिनाही नाही, लस घेतली तर महिनाभर थांबायचं हे गुरुंना सांगावं लागेल, ते मावशींना सांगतील, मावशी विचारतील का. एवढी सगळी माणसं मी मनातल्या मनात बोलती केली आणि तुला मात्र विचारलं नाही.

आणखी एक आहे, ते लिहायला फार जड जातंय. आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस आणि मी एकोणीस. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, बिचारी दानेश्वरी, स्वतःचं सोडून बहिणीचं करते. तुझं लग्न चांगल्या घरात लागलं की याच बायका म्हणणार होत्या की हिनं पोरीचं सोनं केलं. ते मला ऐकायचं होतं. अक्षता टाकताना त्या खरंच तसं म्हणाल्या, आणि मला लई गोड वाटलं.

लग्न झाल्यावर मी आषाढाची वाट बघायला लागले. मला वाटलं यासारखी सोय दुसरी नाही. नवी सून आषाढात महिनाभर माहेरी येते, नवऱ्याचं तोंड बघत नाही. लस घेऊन जो महिना थांबायचं तो आपल्या रीतीनंच दिला होता, कुणाला काही सांगायला नको. मी मनात म्हणाले, आषाढात देऊ. आपल्या हुशारीवर खूशसुद्धा झाले.

तू एकोणीस जूनला आलीस. त्याच दिवशी लस द्यायची होती. लस फ्रिजमध्ये आणून ठेवली होती, दुधाच्या पातेल्यामागं, डब्यात बर्फ घालून. तू आल्या आल्या सासरचं सांगायला लागलीस, मावशी तुला कानडी शिकवतात, तू चुकीचं बोलतेस आणि सगळे हसतात. तुला थांबवून मी काय सांगणार होते? की एप्रिलपासून तुझा कागद माझ्याकडं आहे? तू विचारलं असतंस, मग तेव्हा का नाही दिलास? त्या एका प्रश्नाला मी घाबरले. दुसऱ्या दिवशी देऊ म्हणाले. मग म्हणाले एक आठवडा गेला तरी तीन उरतात, त्यात भागेल. मग दोन उरले. मग मोजायचं बंद केलं. आषाढ संपला आणि लागून धोंड्याचा महिना आला. गुरु जावई म्हणून आले, मी अनारसे केले, चांदीचं निरांजन दिलं, त्यांना ओवाळलं. तू त्यांच्या शेजारी बसली होतीस. तो डबा मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेऊन कचऱ्यात टाकला.

नवरात्रात तुझा फोन आला तेव्हा पुरळ आणि कानामागच्या गाठी ऐकूनच मला कळलं होतं. 'दिवस गेलेत का' हे मी विचारलं आणि मनात देवाला म्हणत होते, नाही म्हणू दे. तू नाही म्हणालीस आणि मी तो शब्द झडप घालून उचलला. माझ्याकडे कुठलीही बाई हे सांगत आली असती तर मी तिला त्याच दिवशी रक्त द्यायला बसवलं असतं. तू बहीण होतीस म्हणून मी तुला आराम कर म्हणाले. वेळेत कळलं असतं तर डॉक्टरांनी तुम्हा दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं असतं. काय करायचं ते तुम्ही ठरवलं असतं. मी तो अधिकारसुद्धा तुमच्याकडून घेतला. गौरा नसती तर बरं झालं असतं असं मी म्हणत नाही, तसं वाचू नकोस. तिच्यासाठी तुम्हाला तयार होता आलं असतं, एवढंच म्हणते.

आणि बारशात तू मला सांग म्हणालीस, तेव्हा मला सगळं माहीत होतं. मावशींना ग्रहण सापडलं म्हणून मला सुटल्यासारखं झालं. त्या सुईआड मी लपले. तू वर्षभर स्वतःला शिव्या देत राहिलीस, सुई घराबाहेर काढलीस, पोरीला लस द्यायची थांबलीस. आता गौरासुद्धा तुझ्यासारखीच तशीच मोठी होणार, माझ्यामुळं.

कागद माझ्याकडं आहे. कपाटात आईच्या इरकलीच्या घडीत ठेवला आहे. फाडावा असं खूपदा मनात आलं, हात झाला नाही. त्याचा एक उपयोग आहे. तू येऊन पुन्हा रक्त दे. मध्ये तू लस घेतलेली नाहीस. तेव्हाच्या कागदावर 'नाही' आहे. आजच्या कागदावर 'आहे' आलं तर त्याचा अर्थ एकच, मधल्या काळात तुला तो आजार होऊन गेला. दोन्ही कागद शेजारी ठेवले की मावशींनाही दिसेल. मी स्वतः येऊन त्यांच्यापुढं ठेवीन आणि पहिला कागद कुणी लपवला ते सांगेन. मॅडमना उद्या सकाळी सांगणार आहे. नोकरीचं काय होईल ते होईल.

मला माफ कर असं लिहायचं नाही, असं ठरवून बसले होते. तेवढं पाळते.

दानेश्वरी


सोलापूर
शनिवार, ३० ऑगस्ट

धनू,

मंगळवारी दुपारी तू प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिलीस तेव्हा मी तुला आधी ओळखलंच नाही. इतकी वाळलीस. गौरा तुझ्या कडेवर, तो जाड चष्मा, त्यातून मोठे दिसणारे डोळे. मी सुई काढली, हातमोजे घातले, आणि तू म्हणालीस, "तू नको. ती घिऊ दे." माझ्याबरोबर काम करणाऱ्या पायलनं तुझं रक्त घेतलं. मी मागं उभी राहून दंडाला बांधायचा पट्टा हातात धरून होते. तू सुईकडं बघत होतीस, डोळे मिटले नाहीस. तुझ्या हाताशी काय चाललंय ते गौराला कळेना, ती पायलच्या बांगड्या ओढत होती.

गुरुवारी अहवाल आला. आहे. भरपूर आहे.

काल मी दोन्ही कागद घेऊन कुंभारीला आले ते तू पाहिलंसच, तरी लिहिते, कारण मावशींसमोर मी फार हळू बोलत होते आणि अर्धं तुला ऐकू गेलं नसेल. मी त्यांना सांगितलं की हा कागद मी लग्नाआधी लपवला. सुईचा काही दोष नाही. धनूचा काही दोष नाही. त्यांनी दोन्ही कागद उलटेसुलटे करून बघितले. वाचता येत नसलं तरी तारखा त्यांना कळतात. मग मला म्हणाल्या, "बारशात तू हितंच हुतीस की." मी व्हय म्हणाले. त्या आत गेल्या आणि माळ्यावरची तुझी गोधडी काढून आणून तुझ्यासमोर ठेवली. माझ्यासाठी केलेला चहा तसाच राहिला.

तू गौराला घेऊन उपकेंद्रात निघालीस. मी चपला घालायला लागले तर हातानंच थांब म्हणालीस. मग अंगणातून परत वळलीस. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तू आपण होऊन मला काही विचारलंस. "बाकीच्या दहाजणींना कागद दिलास व्हय?"

मी म्हणाले, "दिला."

"मग मलाच का न्हाई?"

मी पायातली चप्पल काढून ठेवली. गौरा माझ्या तोंडाकडं बघत होती, तिला वाटत असावं मी काहीतरी बोलतेय. मग तुम्ही गेलात. नर्सबाईंनी संध्याकाळी फोन करून सांगितलं की लस झाली, पोर मिनिटभर रडली, आई रडली नाही, आणि पुढच्या लसींच्या तारखा आईनं दोनदा विचारून घेतल्या. पुण्याची तारीख आता गाठता येईल म्हणाल्या.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर काल रात्रभर शोधलं नाही. ते मला आधीपासून ठाऊक होतं.

त्या दहा कागदांना मला एक दुपार लागली. कॉलेजातल्या जिमखान्याच्या खोलीत एकेकीला बोलावलं, कागद दिला, लस कुठं मिळेल ते सांगितलं, घाबरू नका म्हणाले. त्यातल्या तिघींची लग्नं ठरलेली होती. एकीनं तिथंच होणाऱ्या नवऱ्याला फोन लावला आणि तो म्हणाला, घे की मग, महिनाभर थांबू. मी समोर बसून ऐकलं ते. कुणाचंही लग्न मोडलं नाही. एक जण मागच्या महिन्यात पेढे घेऊन आली होती, मुलगा झाला म्हणून, आणि त्याचे कान तिनं मला कौतुकानं दाखवले. मी पेढा खाल्ला.

त्यांचं लग्न मोडलं असतं, त्या माझ्यावर रागावल्या असत्या, तर माझं काय जाणार होतं? म्हणून त्यांना खरं सांगणं सोपं गेलं. तुझं मोडलं असतं तर माझं सगळं जाणार होतं. तुला मी वाढवलं होतं आणि माझ्या हातचं काही वाया गेलेलं मला बघायचं नव्हतं.

हेच उत्तर आहे, धनू. तू माझी कुणी नसतीस, तर आज गौराला ऐकू आलं असतं.

दानेश्वरी